लिसेतचे शनिवार

२२ ऑगस्ट

आजपासून परवान्यांचं टेबल माझ्याकडे. ग्वेन निवृत्त झाली आणि आमचे उपमुख्याध्यापक हॅलोरन यांनी मला हजेरीच्या खिडकीतून उचलून इथं बसवलं. "एर्नेस्टिना, तुमच्याइतकं कडक या शाळेत दुसरं कुणी नाही," म्हणाले. कौतुक होतं की टोमणा, ते घरी येईपर्यंत ठरलं नाही.

काम काही अवघड नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला नोकरी करायची तर परवाना हवा. आधी मालकाची सही, मग आईची किंवा बापाची, शेवटी शाळेची, म्हणजे आता माझी. पंधरा वर्षांच्या मुलानं शाळेच्या दिवशी तीन तासांहून जास्त काम करायचं नाही, संध्याकाळी सातच्या पुढं तर नाहीच. शिवाय आमच्या शाळेचा आपला एक नियम आहे: मार्क 'सी'च्या खाली घसरले की परवाना परत.

ग्वेन येईल त्याच्यावर शिक्का मारायची. गेल्या वर्षी फळं भरायच्या एका शेडमध्ये आमच्याच एका मुलाची दोन बोटं गेली. ज्या यंत्रावर त्याला उभं केलं होतं त्याच्या जवळ फिरकायलाही कायद्यानं बंदी होती. मी एकही कागद न वाचता सही करणार नाही.

माझा नवरा मनुएल असता तर म्हणाला असता, "झालं, आता पोरांचं काही खरं नाही." दोन वर्षं होतील त्याला जाऊन. अजून जेवताना टेबलाशी त्याच्या बाजूला जागा सोडून बसते.

६ सप्टेंबर

आज लिसेत झवाला नावाची मुलगी आली. पंधरा वर्षांची, बारीक, केस घट्ट ओढून बांधलेले. वार्तान बेदरोसियनच्या नर्सरीत काम हवंय, बुधवारी दुपारी आणि शनिवारी दिवसभर. वार्तान म्हणजे गावाबाहेर फळझाडांची रोपं विकतो तो म्हातारा; मनुएलचा पत्त्यांचा भिडू.

"बर्गरच्या दुकानात का नाही? ते तुझ्या घराजवळ आहे," मी विचारलं. "नर्सरीला जायला दोन बस लागतात."

"मला झाडं आवडतात," ती म्हणाली.

आईची सही होती, इर्मा झवाला. तास बसत होते. दिला परवाना. तिनं तो दोन्ही हातांत धरून पुन्हा पुन्हा वाचला. माझं इतक्या वर्षांत कुणी काही असं वाचलं नव्हतं.

२९ सप्टेंबर

डेअरीवरचा एक मुलगा अर्ज घेऊन आला. 'कामाचं स्वरूप' इथं मालकानं लिहिलंय: गायी. एवढंच. मी म्हटलं, "गायींचं काय?" मुलगा म्हणाला, "त्या सांगतील ते." परत पाठवला. बहीण फिलोमेनाला फोनवर सांगितलं, तर ती बराच वेळ हसत होती.

३ डिसेंबर, शनिवार

मुलं जिथं काम करतात त्या जागा स्वतः बघायच्या असं मी ठरवलंय. आज वार्तानची नर्सरी. सकाळी धुकं इतकं दाट होतं की त्याच्या फाटकापुढून दोनदा पुढं गेले.

"या, सरकार," वार्तान म्हणाला. "माझ्या पोरांना पाणी मिळतं का, संडास आहे का, सगळं बघून घे. मनुएल पत्त्यांत चोरी करायचा ते मात्र तुला कधी दिसलं नाही."

उघड्या मुळांची रोपं विकायचा हंगाम सुरू झालाय. बदाम, आलुबुखार, जर्दाळू, सगळी भुशात उभी. लिसेत रबरी बूट घालून रोपांना चिठ्ठ्या बांधत होती. तिच्या शेजारी उलट्या बादलीवर एक माणूस बसून मुळं छाटत होता. एफ्राइन त्याचं नाव. पन्नाशीही नसेल, पण अंगात काही उरलं नव्हतं, आणि खोकला असा की ऐकणाऱ्याच्या छातीत दुखावं. तो खताचं पोतं उचलायला उठला तर या मुलीनं धावत जाऊन ते त्याच्या हातातून घेतलं.

"पोत्याला हात लावायचा नाही," मी तिला सांगितलं. "इतकं वजन तुझ्या परवान्यात बसत नाही."

"बाई सांगतात ते ऐक," तो माणूस तिला म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "अभ्यासात कशी आहे हो ही?"

मला हे असले प्रश्न खपत नाहीत. "ते मी फक्त पालकांना सांगते," म्हटलं.

त्यानं टोपी काढली. "बरोबर आहे, बाई," म्हणाला, आणि टोपी हातात धरून बराच वेळ तसाच उभा राहिला. काही लोकांना संभाषण कुठं संपलं ते कळतच नाही.

दुपारी मुलीनं पिशवीतून जेवणाचे दोन डबे काढले. वाढतं वय आहे.

२४ जानेवारी

पंधरा दिवस सूर्य दिसलेला नाही. लिसेतचं गणित 'डी'वर आलंय. ताकीद दिली. "हो मिसेस बोर्बा, करते," म्हणाली.

दुपारी ग्रंथालयात गेले तर ही एका कोपऱ्यात फुप्फुसांच्या रोगांवरचं जाडजूड पुस्तक उघडून बसलेली. "डॉक्टर व्हायचंय का?" विचारलं. "नाही," म्हणाली, आणि पुस्तक मिटलं. गणिताचं पुस्तक तिच्या जवळपासही नव्हतं.

८ मार्च

निकाल लागले. लिसेत गणितात नापास, विज्ञानात काठावर. हॅलोरनकडे गेले.

"तुमच्यावर सोपवतो," ते म्हणाले. "राज्याचा कायदा नाही तो, आपलाच नियम आहे. थोडा वाकवता येईल."

"एकदा वाकवला की पुन्हा सरळ होत नाही," मी म्हटलं. "आज हिच्यासाठी, उद्या त्या गायीवाल्यासाठी."

ते हसले. "म्हणून तर तुम्हाला तिथं बसवलंय."

परवाना रद्द केला. वार्तानला कळवलं. तो म्हणाला, "एर्नेस्टिना, जरा बघ काही होतं का." मी म्हटलं, "मला कामगार देण्याचा नाही, मुलांना शाळेत ठेवण्याचा पगार मिळतो." त्यानं फोन ठेवला. हंगामात हात कमी पडणार म्हणून कुरकुरतोय.

९ मार्च

लिसेत शाळा सुटल्यावर आली. रडलेली नव्हती. बोलायचं ते मनात जुळवून आली होती.

"बुधवार सोडते. फक्त शनिवार राहू द्या."

"अर्धा परवाना असं काही नसतं, लिसेत."

"मग पगार नको. नुसती मदत म्हणून जाते."

"दुसऱ्याच्या धंद्यात फुकट राबणं तर आणखीनच बेकायदा."

बाहेर पोरं लॉकर आपटत होती. मग तिनं विचारलं, "मिसेस बोर्बा, मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली तर ती आईला सांगावी लागते का?"

मी जे खरं तेच सांगितलं. "परवान्याशी संबंध असेल तर लागते. आईच्या सहीवर परवाना मिळतो. तिच्यापासून लपवलेलं या टेबलावर काही चालत नाही."

"बरं," ती म्हणाली. उठली. खुर्ची टेबलाखाली नीट सरकवून ठेवली. बाकीची पोरं खुर्ची अर्ध्या खोलीत सोडून जातात.

तिथं एखाद्या मुलाचं प्रकरण असणार. त्या दिवशी मला तिच्या वयाचा कुणी दिसला नाही, पण असेल. या वयात दुसरं काय असतं? दोन बस बदलून कुणी झाडांसाठी जात नाही.

१० मार्च

आज तिच्या आईला फोन केला. इर्मा बदाम निवडायच्या कारखान्यात दुपारपाळीला असते, त्यामुळं सकाळीच गाठली.

"बरं केलंत काढून घेतलात," ती म्हणाली. "मला ती धूळमाती पहिल्यापासून पसंत नव्हती. पण पोरीनं हट्ट धरला. बरं, पैशाची हौस म्हणावी तर तीही नाही. स्वतःला एक चप्पलसुद्धा घेतली नाही तिनं. डोक्यावर बाप नसला की सगळं आपल्यालाच बघावं लागतं."

"वारले का?"

"माझ्यापुरता वारला. सात वर्षं झाली. घरात त्याचं नाव निघत नाही."

मी शनिवारच्या गणिताच्या वर्गाबद्दल सांगितलं. सकाळी नऊ ते दोन, शाळेतच, फुकट. इर्माला फार बरं वाटलं. "म्हणजे शनिवारी ती कुठं आहे याची मला काळजी नाही," म्हणाली. लगेच नाव घातलं.

एखादा दिवस असा येतो की आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो असं वाटतं.

२ एप्रिल

बदामाचा फुलोरा गळून कधीच संपला. चर्चमधून येताना सगळ्या बागा हिरव्या झालेल्या दिसल्या. फिलोमेनाकडे जेवले.

लिसेतच्या चाचणीत 'सी'. वर्गाचे शिक्षक म्हणतात, पोरगी एकही शनिवार चुकवत नाही. शेवटच्या बाकावर बसते आणि शिकवलेलं सगळं उतरवून घेते, अगदी त्यांचे विनोदसुद्धा. दुपारच्या सुट्टीत मात्र कायम फोनवर. मी जिममागच्या भिंतीशी तिला पाहिलंय, एक कान हातानं दाबून धरलेला. म्हणजे माझा अंदाज चुकीचा नव्हता. असू दे. फोनवर बोलायला परवाना लागत नाही.

२९ एप्रिल, शनिवार

लिसेत आज वर्गाला गैरहजर. न कळवता. शिक्षकांनी मला कळवलं, मी तडक इर्माला. सुट्टीच्या दिवशी फोन कशाला, असं क्षणभर वाटलं होतं, पण नेमक्या अशाच एका शनिवारापासून पोरं घसरायला लागतात.

"वर्गाला नाही? सकाळी सातला घरातून निघालीये ती," इर्मा म्हणाली. तिचा आवाज बदलला. "येऊ दे घरी."

१ मे

लिसेतला बोलावलं. "बस चुकली," म्हणाली. डोळे सुजून लाल झालेले, काळा शर्ट, चेहऱ्याची पार रया गेलेली. ऑलिव्हच्या फुलांचा त्रास सध्या निम्म्या शाळेला आहे. माझ्या पर्समधल्या ॲलर्जीच्या गोळ्या दिल्या. तिनं त्या हातात घेतल्या, बघितल्या, "थँक्यू" म्हणून खिशात ठेवल्या.

पुन्हा असं करू नकोस, म्हटलं. "नाही होणार पुन्हा," म्हणाली.

१८ मे

गणितात 'बी'. मी स्वतः निकाल बघायला गेले. असं काही झालं की नियम कशासाठी असतात ते सगळ्यांना दाखवावंसं वाटतं. हॅलोरनना दाखवलंच.

नवा परवाना तयार ठेवून लिसेतला बोलावलं. तिला आनंद होईल म्हणून आधी सांगितलं नव्हतं.

तिनं कागदाकडे पाहिलं. हात लावला नाही.

"नको, मिसेस बोर्बा. आता गरज नाही."

"अगं, पगाराशिवाय जाते म्हणणारी तूच ना?"

"हो. तेव्हा गरज होती."

ती गेल्यावर मला थोडं लागलं, खरं सांगायचं तर. या वयात मन असं भुर्रकन उडतं. एवढा जीव टाकत होती आणि आता वळूनही बघायला तयार नाही.

२० मे, शनिवार

मनुएलच्या थडग्यावर ठेवायला जिरेनियम हवं होतं, म्हणून वार्तानकडे गेले. म्हटलं, लिसेतचं गणित कसं सुधारलं तेही सांगावं, त्याचा राग जाईल.

तो ऐकत होता. हातातली कात्री बंद करून त्यानं बाकावर ठेवली.

"तुला खरंच काही ठाऊक नव्हतं, एर्नेस्टिना?"

"काय ठाऊक नव्हतं?"

"एफ्राइन तिचा बाप."

मी काय बोलले ते आठवत नाही. तोच बोलत राहिला. एफ्राइन दारू सोडून या भागात परत आला होता. बायकोच्या दारात जायची हिंमत नव्हती त्याची. पोरीनं कुठून तरी शोधून काढलं त्याला. "मला काय करायचीये शाळेतली पोरगी कामाला?" वार्तान म्हणाला. "सही केली ती दोघांसाठी केली. आईला सांगता येत नव्हतं. चोरून भेटायचं तर दर वेळी नवी थाप. कामाचा परवाना असला की शनिवार कुठं गेला हे कुणी विचारत नाही. तुला सांगायला हवं होतं मी. त्यानं शपथ घातली होती."

"तो कुठं आहे?"

"मातीतली ती बुरशी, आपल्या खोऱ्यात धुळीबरोबर छातीत जाते ती. आधीच फुप्फुसात बसली होती. मार्चनंतर एकटाच ओढत होता. पोती कोण उचलणार? मी नको म्हटलं तरी उचलायचा. एप्रिलात मी त्याला दवाखान्यात नेला. पोरीला बोलावतो म्हटलं, तर म्हणाला, शनिवारी तिचा वर्ग असतो, मोडू नका. फोनवर तिला सांगायचा, सर्दी झालीये."

"कधी गेला?"

"मंगळवारी. त्या शनिवारी पुरला. एप्रिलचा शेवटचा शनिवार. मी घ्यायला येतो म्हटलं, पण घरासमोर गाडी नको म्हणाली. एकटीच आली, दोन बस बदलून."

जिरेनियम बाकावरच राहिलं.

त्या शनिवारी मी तिच्या आईला फोन केला होता.

२१ मे

चर्चला गेले नाही.

२२ मे

लिसेत वऱ्हांड्यातून गेली. हाक मारायला तोंड उघडलं आणि शेजारच्या मुलाला उगीचच विचारलं, "तुला पास आहे का बाहेर फिरायला?"

२६ मे

इर्मा स्वतःहून आली. कारखान्याचा गणवेश अंगात, जाळीची टोपी हातात. मी दार लावून घेतलं.

"तुम्हाला कळलंय असं वार्तान म्हणाला," तिनं सुरुवात केली. "तुम्ही फोन केलात त्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली. मी दारातच धरली. कुठं होतीस? तर म्हणाली, पप्पांना पुरायला गेले होते. असं सरळ. मला वाटलं, मस्करी करते."

मी पाण्याचा ग्लास पुढं केला. तिनं घेतला नाही.

"मी म्हटलं, वर्षभर माझ्याशी खोटं बोललीस. तर म्हणते, खरं बोलले असते तर जाऊ दिलं असतंस? अजून उत्तर दिलेलं नाही मी तिला. तुम्हाला म्हणून सांगते, नसतं दिलं. त्यानं काय काय केलं होतं ते मी पाहिलंय, ती लहान होती. पण तो असा मरतोय हे कळलं असतं तर... तेव्हाही कदाचित नसतंच दिलं. हे पोरीला कसं सांगू?"

"माझ्या फोनमुळं—"

"तुमचा फोन आला नसता तर मला कळलंच नसतं. ते बरं झालं असतं की वाईट, मला सांगता येत नाही." ती उठली. "घरात बोलत नाही ती. जेवण वाढते, भांडी घासते, माझी टोपीसुद्धा धुऊन वाळत घालते. नुसतं बोलत नाही."

३१ मे

आज लिसेतला बोलावलं आणि सांगितलं की मला वाईट वाटतं. जेवढं जमलं तेवढ्याच शब्दांत. ती जमिनीकडे बघत होती. "जाऊ का?" म्हणाली. जा म्हटलं.

शाळा सुटायच्या वेळी परत दारात आली. "शनिवारी तुम्हाला वेळ आहे का? तिथं जायला दोन बस लागतात, आणि आई गाडी चालवत नाही."

३ जून, शनिवार

सकाळीच निघालो, ऊन चढायच्या आत. गाडीत ती माझ्या शेजारी बसली होती, मांडीवर एक छोटी खुरपी. पूर्ण रस्ताभर खिडकीबाहेर बघत होती.

दफनभूमी गावाच्या पूर्वेला, संत्र्याच्या बागांना लागून. वार्तानच्या ओळखीनं जागा मिळालेली. दगड अजून बसवलेला नाही. पत्र्याची पट्टी आहे, तिच्यावर एफ्राइन मोन्तेस. लिसेत गुडघ्यावर बसून गवत काढायला लागली. मी उभीच होते.

"त्या दिवशी तू काही सांगणार होतीस," मी म्हटलं. "मी ऐकून घ्यायला हवं होतं. आईला कळवायचं की नाही ते मागाहून बघता आलं असतं."

ती खाली बघतच बोलायला लागली.

"परवाना गेला ते मी पप्पांना फोनवर सांगितलं. मला वाटलं होतं त्यांना राग येईल. ते म्हणाले, बाईंनी बरोबर केलं. शनिवारी वर्गात बस. मग रोज सुट्टीत फोन केला की विचारायचे, काय शिकवलं? मी उतरवून घेतलेलं सगळं वाचून दाखवायची. समीकरणं, सरांचे विनोद, सगळं. त्यांना समीकरणं कळायची नाहीत. दुसरीपर्यंतच शिकले होते. पण मधे फोन कधी ठेवला नाही. खोकला आला की फोन लांब धरायचे, मला ऐकू येऊ नये म्हणून. मला यायचा ऐकू."

वारा बागेतून येत होता.

"शेवटचं भेटले तेव्हा मार्च होता," ती म्हणाली. "सात शनिवार मिळाले असते मला. सातही मी गणितात घालवले."

खुरपीनं तिनं एक मूळ खणून काढलं, माती झटकली, बाजूला ठेवलं.

"पप्पा तसं म्हणाले होते म्हणून मी तुम्हाला कधी काही बोलले नाही, मिसेस बोर्बा. पण मला नाही वाटत तुम्ही बरोबर केलंत."

"मलाही नाही वाटत," मी म्हटलं.

तिनं मान हलवली, जणू एखादं उत्तर पडताळून बघितलं आणि ते जुळलं. मग पुन्हा गवताला लागली. मीही दुसऱ्या टोकाला बसून हातानं काढायला लागले. आमच्या मध्ये तो होता. दोन्ही टोकं साफ झाली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

गाडीपाशी आलो. मी तिच्यासाठी पुढचं दार उघडलं. ती दाराशी थांबली.

"मी मागं बसले तर चालेल का?" तिनं विचारलं.

बस म्हटलं.